बायच्या कानांची भरपाई

सरकारनं मला बहिरी ठरवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि माझे कान इतके तिखट होते की धक्क्याला मचवा लागला की त्यातून कोण कोण उतरलं ते मी घरात बसून नुसत्या आवाजांवरून आईला सांगत असे. आज पंच्याहत्तरी उलटली तरी शेजारच्या घरातली कुजबुज मला ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा माझ्याचविषयी असते. पण कागद म्हणतो मी ठार बहिरी. त्यावर तीन डॉक्टरांच्या सह्या आहेत, गोल शिक्का आहे आणि खाली 'खरी नक्कल' असंही लिहिलेलं आहे.

खरोखर बहिरी झाली ती माझी थोरली बहीण. तिला मी बाय म्हणत असे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे कान सरकारच्या औषधानं गेले आणि त्याची भरपाई सरकारनं मला मंजूर केली. यात कोणी मोठा बदमाश नव्हता. सगळे आपापल्या खुर्चीवर बसून नेमून दिलेलं काम करणारे लोक होते, आणि म्हणूनच मला त्यांचा अजून संताप येतो.

आमचं गाव शेव्याच्या बाजूचं. आता तिथं बंदर आहे, लोखंडी डबे एकावर एक चढवून ठेवलेले असतात. तेव्हा नजर जाईल तिथवर मिठागरं होती. आई आणि बाबा दोघंही मिठागरात कामाला. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली आणि सरकारला एकदाची आमची आठवण झाली. मीठ साठवायच्या एका रिकाम्या कोठारात शाळा उघडली, एक मास्तर आले. बाय तेव्हा दहाची. तिच्या हातात मीठ ओढायची फळी कधीच आली होती, म्हणून तिचं नाव कोणी शाळेत घातलं नाही. माझा घरात काही उपयोग नव्हता, म्हणून माझं घातलं.

शाळेची वाट बांधावरून होती आणि भरतीला बांधावर पाणी चढायचं. पावसाळ्यात मिठाचं काम बंद असे, तेव्हा बाय मला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची आणि पुन्हा एवढं कोण चालणार म्हणून शाळा सुटेपर्यंत दारातच बसायची. आम्ही आत पाढे चुकायचो आणि दारातून बाय ते बरोबर म्हणायची. नुसतं ऐकून ऐकून तिला पंधरापर्यंत पाठ झाले होते. मास्तर तिच्यावर खेकसायचे, कारण ती हजेरीपटावर नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात जंतांचं औषध आलं. तालुक्याहून एक कंपाउंडर आला, बरोबर पत्र्याची पेटी आणि काळपट बाटल्या. उग्र वासाचं तेल होतं ते. साखरेवर त्याचे थेंब टाकून ती साखर पोरांच्या तोंडात द्यायची होती. थेंब मोजायचे होते, हे पुढं चौकशीत कळलं. कंपाउंडरला त्याच दिवशी आणखी दोन गावं उरकायची होती आणि पाणी उतरायच्या आत मचवा गाठायचा होता, म्हणून त्यानं थेंब मोजत बसण्यापेक्षा चमचाच वापरला. मास्तर हजेरीपट घेऊन शेजारी उभे. नाव पुकारायचं, पोरानं पुढं येऊन आ करायचा, मास्तरांनी नावापुढं खूण करायची. "सरकारी औषध आहे, एक थेंब वाया जाता कामा नये," असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

माझी पाळी आली. मी वास घेतला आणि दात घट्ट आवळले. मास्तरांनी पट्टी उचलली, तशी दारातून बाय उठून आत आली. आमच्या घरात एक रीत होती, तशी ती गावातल्या सगळ्याच घरांत होती: धाकट्यानं टाकलेलं थोरल्यानं संपवायचं. मग तो भात असो, आंबील असो नाहीतर कडू काढा. बायला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. तिनं माझ्या जागी आ केला. खरं सांगायचं तर तिचा डोळा साखरेवर होता. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, आणि आमच्या घरी ती कोणी पाहुणा आला तरच दिसायची. तिनं माझी साखर खाल्ली आणि ओठ चाटले. माझ्यामागच्या दोन लहान पोरांनी रडून गोंधळ घातला, त्यांचीही तिनंच संपवली. कंपाउंडरला चमचा रिकामा झाल्याशी मतलब. मास्तरांनी तिन्ही नावांपुढं खुणा केल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

मला तिचा हेवा वाटला होता. हे लिहायला नको वाटतं, पण वाटला होता.

संध्याकाळी गावातली पोरं ओकायला लागली. काही जण दोन दिवस दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात होते, मग बरे झाले. बाय चार दिवस घोंगडीवर पडून होती. घर गरगर फिरतंय म्हणायची आणि जमीन धरून ठेवायची. पाचव्या दिवशी सकाळी उठून बसली आणि आईला म्हणाली, "आये, आज कोंबरा आरवला कसा न्हाय?" कोंबडा त्या वेळी दारातच उभा राहून ओरडत होता.

आसपासच्या गावांतही अशी पाच-सात पोरं निघाली. मुंबईत कुणा आमदारानं सभागृहात प्रश्न विचारला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि चौकशी बसली. ती दीड वर्ष बसूनच होती. मग हुकूम निघाला. औषधानं 'बाधित' झालेल्या बालकांना नुकसानभरपाई म्हणून मुंबईच्या मूकबधिरांच्या शाळेत फुकट जागा मिळणार, राहणं-जेवण सरकारकडून. तिथं समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकवतात, लिहायला-वाचायला शिकवतात, शिवणही शिकवतात, असं मास्तरांनी वाचून दाखवलं.

बाय एव्हाना बाराची झाली होती. तिला हाक मारायची तर पायाशी खडा टाकावा लागे. पोरं गंमत म्हणून पाठीत मारायची. शाळेच्या दारात बसणं तिनं सोडलं होतं, आणि पाढे तर कधीच सोडले होते. मास्तरांनी हुकूम वाचला तेव्हा आईनं कितीतरी दिवसांनी मान वर केली. ही पोर त्या शाळेत जावी, एवढं एकच तिला हवं होतं. त्यानंतर तिनं देवाजवळ दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

बाबा आम्हा दोघींना घेऊन मामलेदार कचेरीत गेले. कारकुनानं यादी काढली. यादी म्हणजे आमच्या शाळेच्या हजेरीपटाची नक्कल, मास्तरांच्या खुणांसकट. बायचं नाव त्यात असणार कुठून?

"यादीत नाव नाही," कारकून म्हणाला, "म्हणजे औषध घेतलेलं नाही. औषध घेतलं नाही तर बाधा होईलच कशी?"

बाबांनी बायला दंडाला धरून पुढं केलं. "साहेब, ही बघा. हिला काय ऐकू येत न्हाय."

त्यानं बायकडं पाहिलंसुद्धा नाही. यादीवरून बोट फिरवत तो माझ्या नावाशी थांबला. "ही कुठाय? हिनं औषध घेतलंय. हिला काय झालंय?" मला काही झालेलं नव्हतं. ते ऐकून तो चांगलाच वैतागला.

मास्तरांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काम झालं असतं: खूण चुकून झाली, औषध थोरलीनं घेतलं. 'नेहमी खरे बोलावे' हे त्यांनीच वळणदार अक्षरात लिहून शाळेच्या भिंतीवर टांगलं होतं. पण भिंतीवर लिहिणं वेगळं आणि तालुक्याला लिहून पाठवणं वेगळं. नोकरीवर गदा येईल, कंपाउंडरही लटकेल, त्याचीही बायकापोरं आहेत, असं बरंच काही त्यांनी बाबांना ऐकवलं. मग त्यांनी दुसरी वाट सुचवली. धाकटीला तपासणीला न्या. ती बहिरी ठरली की तिला जागा मिळेल. जागा मिळाली की तिच्या नावावर थोरलीला पाठवा. मुंबईत कोण बघायला बसलंय? हे सगळं ते वजाबाकी समजावून सांगताना बोलायचे त्याच आवाजात बोलले.

बाबांना पटलं. आईला पटलं नाही. "एकीचं कान गेलं, आता दुसरीच्या कानांशी कशाला खेलता?" ती म्हणाली. सोंग घेतलं की ते अंगाला चिकटतं, अशी तिची भीती होती. पण मग तिनं कोपऱ्यात बसलेल्या बायकडं पाहिलं आणि मान हलवून हो म्हटलं.

मला बहिरी व्हायला बायनंच शिकवलं. काय करायचं आहे ते तिला हातवारे करून सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. मग मात्र तिनं ते काम मनावर घेतलं. रोज दुपारी ती मला अंगणात बसवायची. स्वतःचा आवाज तिला कळत नसल्यामुळं ती आता फार मोठ्यानं बोलायची. "मागशी हाक मारली तं हलू नको. डोलं बी हलवू नको. पन जमीन हादरली तं बघ. मी बघतंय. पायाला कलतं." माझ्या पाठीमागं आईला थाळी वाजवायला लावून ती समोर बसायची आणि माझ्या तोंडाकडं टक लावायची. थाळी वाजली हे तिला माझ्या पापणीवरून कळायचं. पापणी हलली की चापट. महिन्याभरात माझी पापणी हलेनाशी झाली. मग कोणी मागं पाय आपटला की तेवढ्याला वळायचं, हे तिनं माझ्याकडून घोटून घेतलं. इतकी चांगली शिक्षिका मला पुढं कुठल्याच शाळेत भेटली नाही.

तपासणी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात होती. करंजाहून मचव्यानं रेवस आणि तिथून एस.टी. बाय हट्ट करून बरोबर आली. तिला दाराबाहेर बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. टेबलामागं तीन डॉक्टर. एकानं माझ्या मागं जाऊन घंटा वाजवली. दुसऱ्यानं वाटीवर चमचा बडवला. तिसऱ्यानं अगदी हळू आवाजात, "अरे, हिच्या परकरावर विंचू चढलाय," असं सांगून पाहिलं. मी टेबलाच्या पायाकडं बघत बसले. शेवटी एकानं वैतागून जमिनीवर पाय आपटला, तशी मी वळले. त्याबरोबर त्यांच्यातला म्हातारा डॉक्टर खूश झाला. "बघितलंत? कंप कळतो हिला. ढोंग असतं तर यालाही वळली नसती. अस्सल केस आहे." मग तिघं बराच वेळ इंग्रजीत बोलले. तेवढं मात्र मला खरंच कळलं नाही.

ते बोलत असताना बाहेर शिपाई बायला बाकावरून उठायला सांगत होता. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो किंचाळला, "ए पोरी, बहिरी आहेस काय गं?" दार उघडंच होतं. कान तपासायला बसलेल्या तिन्ही डॉक्टरांना ते नक्की ऐकू आलं, आणि त्यांतल्या एकानंही मान वळवली नाही. शिपायानं तिला दंडाला धरून ओढल्याचा आवाज आला. मी तिची बहीण, तिथंच चार हातांवर बसलेले, आणि मला वळायची सोय नव्हती. त्या वेळी आला तसा राग मला पुन्हा कधी आला नाही.

दाखल्यावर वय लिहिलं, गाव लिहिलं, आणि 'ओळखीची खूण: हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका' असं लिहिलं. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका नसलेली पोरगी आमच्या गावात शोधून दाखवावी आणि बक्षीस घेऊन जावं. बायच्याही होता. सरकारी हुशारी आमच्या उपयोगी पडली ती एवढ्या एका जागी.

कागद हातात यायला आणखी वर्ष गेलं. बाय तेराची झाली होती, कागदावर ती नऊची होती. बाबा तिला मोरा बंदरातून लाँचनं मुंबईला घेऊन गेले. आता तुझं नाव हे, असं त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून तिला निघायच्या आधी दहादा समजावलं होतं. तिनं मान डोलावली. धाकटीचं घ्यायची तिला सवयच होती. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हटलं, "नऊ वर्षांची? चांगलीच थोराड दिसते." बाबा म्हणाले, "आमच्याकडं खारं पानी हाय, बाई. पोरी लवकर वाढतात." बाईंना ते पटलं.

पंधरा दिवसांनी मास्तरांना तालुक्याहून पत्र आलं. सदर विद्यार्थिनी मूकबधिर शाळेत दाखल झाली आहे, तरी तिचे नाव पटावरून कमी करावे. मास्तरांनी लाल शाई काढून माझ्या नावावर आडवी रेघ मारली. ज्यानं ही सगळी अक्कल चालवली तोच माणूस चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाला, "आता तू इथं नाहीस, बाळ." मी त्यांच्यासमोर पाटी घेऊन उभी होते. मी घरी येऊन इतकी रडले की बाबा काम टाकून शाळेत गेले. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि पुन्हा एक युक्ती काढली. थोरलीचं नाव तर कुठंच नाही ना? मग तेच घालू.

अशी मी बायच्या नावानं, तेरा वर्षांची म्हणून, तिसरीत बसले. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तेरा वर्षांची? एवढीशी?" मास्तर चटकन म्हणाले, "खारं पाणी आहे इकडं, साहेब. मुलं खुरटतात." साहेबांनाही ते पटलं. शिकलेल्या माणसांना काय पटेल याचा काही नेम नाही, हे मी तेव्हा शिकले. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले आणि त्याच जन्मतारखेपायी चार वर्षं आधी निवृत्त होऊन घरी बसले. त्याची भरपाई मागायला मात्र मी कुठल्या कचेरीत गेले नाही.

मास्तर रोज सकाळी बायचं नाव पुकारायचे आणि मी 'हजर' म्हणायची. सुरुवातीला विसरायची, मग पट्टी बसायची. वर्षभरात अशी सवय झाली की वाटेत कोणी त्या नावानं दुसऱ्याच कोणाला हाक मारली तरी मी थांबायची.

मे महिन्यात बाय सुट्टीला आली. दोन वेण्या, लाल फिती, पायांत बूट. आणि तिला ओठ वाचता येत होते. आई तिला समोर बसवून बोलायला लागली ती थांबेचना. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची होडी फुटली, चिंबोऱ्या यंदा किती मिळाल्या, सगळं सांगत होती. आणि बाय सगळ्याला उत्तरं देत होती. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी खडे न मारता बोलत होत्या. मला वाटायला लागलं की काही का असेना, सरकारनं एक काम तरी धड केलं.

संध्याकाळी आई चुलीपाशी होती. बाय अंगणात तिच्याकडं तोंड करून बसली होती आणि मी भिंतीला टेकून पाटीवर काहीतरी गिरवत होते. आईनं भाकरी काढली आणि जेवायला ये म्हणून बायला हाक मारली. तिच्या नावानं. बाय सरळ आईच्या तोंडाकडं बघत होती, पण जागची हलली नाही. आईनं पुन्हा हाक मारली, सावकाश, ओठ नीट हलवून. बायच्या कपाळाला आठी पडली. हा कुठला शब्द, असं तिचं तोंड झालं. तिचे कान गेल्यापासून आम्ही खडे मारूनच तिला बोलावलं होतं, मी तर तिला नुसतं बाय म्हणायची, आणि मुंबईत आरशासमोर बसवून तिला शेकडो शब्द ओळखायला शिकवले होते, त्यांत हा नव्हता. स्वतःचं नाव कोणाच्या ओठांवर कसं दिसतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आईनं तिसऱ्यांदा हाक मारली आणि भिंतीपाशी बसलेली मी म्हणाले, "हजर."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग बायकडं पाहिलं. हातातली भाकरी तिनं थाळीत ठेवली. मग तिनं बायकडं तोंड करून माझं नाव घेतलं. बाय लगेच हसली, परकर झटकून उठली आणि म्हणाली, "आलंय, आये."

त्या दिवसापासून आईनं बायला माझ्याच नावानं हाक मारली, शेवटपर्यंत. मला हाक मारायची वेळ आली की तिचं तोंड उघडायचं, ती जराशी थांबायची, आणि मग नुसतंच म्हणायची, "ए पोरी."